दवाच्या रात्रींसाठी गरम मसाला-रस

परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणातून पाय काढतो आणि मग किनाऱ्यावर दिवसाची दोन टोकं होतात. दुपारी कातळ तापतो, भातकापणीला गेलेली माणसं घामाने निथळत घरी येतात. रात्री नऊनंतर मात्र खळ्यात, म्हणजे अंगणात, बसलं की केसांवर, कौलांवर, दोरीवर विसरलेल्या पंचावर दव उतरायला लागतं. या रात्रींना थंडी म्हणता येत नाही, पण खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं आणि हातात गरम कप असावासा वाटतो.

याच दिवसांत अश्विन पौर्णिमा येते. घाटावर ती कोजागिरी, आटीव मसाला दुधाची. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला ती नव्याची पौर्णिमाही असते. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं एकत्र बांधून दाराला लावायचं. कुठे हे दसऱ्याला होतं, कुठे पौर्णिमेला. आमच्या घरी त्या दिवशी शिरवाळे असतात. तांदळाच्या उकडीचे गरम गोळे साच्यातून दाबून काढलेल्या शेवया, आणि सोबत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. हा रस कच्चाच असतो, गार.

एका वर्षी वाडगाभर रस उरला होता. सासरे रानडुकरांपासून भात राखायला शेतावर गेले होते, ते दवाने भिजून मध्यरात्री परतले. चहाला दूध नव्हतं. मी आलं आणि दालचिनी पाण्यात उकळली, तो काढा गाळून त्यात हा रस मिसळला आणि नुसता कोमट करून त्यांना दिला. त्यांनी दुसरा कप मागितला. तेव्हापासून हा मसाला-रस आमच्या घरात दर शरदात होतो. इतक्या वर्षांत मला त्यातली एक गोष्ट पक्की कळली आहे: प्रत्येक जिनसाची आचेशी भेटण्याची वेळ वेगळी असते. साल आणि मूळ यांना उकळी हवी, गवती चहाच्या पातीला नुसती वाफ पुरते, नारळाच्या घट्ट रसाला उकळी चालतच नाही आणि जायफळ तर कपात पडेपर्यंत चुलीजवळ नेऊ नये. खालची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी बरण्या उघडा

पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावरच्या घरात मसाले हवेतलं पाणी पितात. सादळलेली दालचिनी वाकते, मोडत नाही. चांगली दालचिनी बोटांनी मोडली की कट्ट आवाज येतो. मिरी दाताखाली फुटली पाहिजे; ती दबत असेल तर आत ओल आहे. लवंगेचं डोकं नखाने दाबल्यावर नखाला तेल लागलं पाहिजे. सुंठीला भोकं दिसली आणि बरणीच्या तळाशी पीठ साचलेलं असलं तर ती कीड आहे, ती सुंठ टाकून द्यावी.

नुसतं सादळलेलं असेल तर सुपात पसरून, वर पातळ कापड टाकून सकाळच्या उन्हात तासभर ठेवा. दुपारच्या कडक उन्हात दिवसभर ठेवू नका, कारण ओलीबरोबर सुगंधी तेलही उडून जातं. बुरशी दिसली, मग ती पांढरी असो वा हिरवट, तर धुऊन-पुसून वापरण्याचा मोह टाळा. बुरशीचं विष पुसून जात नाही. नंतर सगळं काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवू नका. तिथे हाताशी असते खरी, पण रोजच्या वाफेने मसाला पुन्हा सादळतो.

दालचिनी आणि जायफळ: इथे घाई नको

कोकणात राहणाऱ्यांचं नशीब असं की या पेयाचा बराचसा मसाला माडाच्या सावलीत उभा असतो. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने माडांच्या मधल्या जागेत मिरी, जायफळ, दालचिनी लावण्याची ‘लाखी बाग’ लोकांपुढे ठेवली, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची आणि ‘कोकण सुगंधा’ ही जायफळाची जात दिली. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आगरांमध्ये ही झाडं दिसतात. तुमच्याकडे नसली तर शेजाऱ्याकडे विचारून पाहा. आठवडी बाजारात घरची दालचिनी घेऊन बसलेल्या बायकाही भेटतात.

दालचिनी सोलण्याचा हंगामही हाच. पावसाने झाडात रस खेळत असतो, त्यामुळे साल लाकडापासून सहज सुटते. अंगठ्याएवढी जाड, साधारण दोन वर्षांची फांदी घ्यायची. लालसर कोवळी पालवी हिरवी झालेली हवी. वरची करडी साल सुरीने खरवडून काढायची, मग पितळेच्या दांड्याने फांदी घासायची, म्हणजे आतली साल सैल होते. दोन्ही टोकांना गोल चीर आणि मध्ये दोन उभ्या चिरा दिल्या की साल अलगद निघते. सावलीत चार-पाच दिवस वाळवताना ती आपोआप आत वळते. ताज्या सालीचा वास ओट्यावर दोन दिवस रेंगाळतो.

बाजारात दालचिनी म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. खरी दालचिनी पातळ असते, कागदाच्या सुरळीसारखे अनेक पदर एकात एक बसलेले, बोटांनी चुरता येणारे. दुसरी जाड, कडक, एकाच पदराची, लाकडासारखी, ती तज. तज तिखट आणि उग्र लागते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं, आणि ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. कधीतरी एक कप घेतला म्हणून काही होत नाही. पण महिनाभर रोज करणार असाल तर खरी दालचिनीच घ्या. घरी सोललेली दालचिनी कधी कधी जाडसर आणि वेडीवाकडी दिसते. ती हातात घेऊन मोडून पाहा, ठिसूळ आणि गोडसर वासाची असेल तर ती खरीच आहे.

जायफळाचं फळ पावसाळ्यात झाडावरच तडकतं. आतल्या टणक बीवर लालभडक जाळी असते, ती जायपत्री. बी आणि जायपत्री वेगवेगळ्या वाळवायच्या. पावसात ऊन मिळत नाही म्हणून बऱ्याच घरांत हे काम चुलीवरच्या माळ्याच्या उबेवर होतं. कानाशी हलवून बी कवचात खुळखुळली की वाळली. कोकणात जायफळ कवचासकट मिळालं तर तसंच घ्या आणि हवं तेव्हाच फोडा, कवचात त्याचा वास वर्षभर टिकतो. जायफळाची विकत मिळणारी पूड मात्र अजिबात घेऊ नका. तिच्यात रंग असतो, वास गेलेला असतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. मिरी मागच्या उन्हाळ्यातली असते, तिला फक्त ओलीची तपासणी. लवंग दोनच लागतात आणि वेलची तीन, दोन्ही दुकानातून आणली तरी चालेल, मात्र वेलची हिरवी आणि भरलेली हवी. आलं ताजं. गवती चहा, ज्याला आमच्याकडे पातीचा चहा म्हणतात, पावसाने छातीएवढा वाढलेला असतो. पाती कापताना हात सांभाळा, तिच्या कडा धारदार असतात.

गूळ आणि नारळ

गूळ आमच्याकडे घाटावरून, बहुतेक कोल्हापूरकडून येतो. दिवाळीच्या आसपास नवा गूळ उतरायला लागतो. त्याआधी दुकानात असतो तो मागच्या हंगामातला, पावसाळा पाहिलेला. तो पाझरलेला, चिकट आणि वासाला आंबूस असेल तर घेऊ नका. गूळ निवडताना आधी एक खडा जिभेवर ठेवा: खारट लागला तर सोडून द्या, कारण नारळाच्या रसात गुळाचा खारटपणा लगेच वर येतो. पिवळाधमक दिसणारा गूळ देखणा असतो, पण तो रंग बहुतेक वेळा रसायनाने आणलेला असतो. तपकिरी, कुरकुरीत मोडणारा बरा. गोव्याकडून कधी माडाचं गोड, म्हणजे माडाचा गूळ, मिळालं, ती काळसर ढेप, तर या पेयाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. त्याला आधीच भाजल्यासारखी, थोडी धुरकट चव असते. तसं असेल तर लवंग घालू नका.

नारळ जून हवा, हलवल्यावर पाणी खुळखुळणारा आणि हाताला जड. अडसर, म्हणजे अर्धवट तयार झालेला नारळ, चालत नाही, त्याचा रस पाणचट निघतो. आत खोबरं सुटलेला नारळही नको, त्याच्या रसावर तेल तरंगतं. खवताना आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर, हात हलका ठेवा. पाठीची तपकिरी साल खवली गेली की रस मळकट दिसतो आणि मागाहून किंचित कडवट लागतो.

साहित्य (चार जणांना मोठे कप, सहा जणांना लहान)

जून नारळ १ मोठा
पाणी काढ्यासाठी ४०० मिली, रस काढायला साधारण ५०० मिली
गूळ ८० ते ९० ग्रॅम, किसून साधारण अर्धा कप
आलं बोटाच्या दोन पेरांएवढं
खरी दालचिनी बोटभर लांबीचे २ तुकडे. तज असेल तर अर्धाच तुकडा
मिरी ६-७, लवंगा २, वेलच्या ३
गवती चहाच्या ४-५ पाती
जायफळ १, त्यातलं लागेल अगदी थोडं
तांदळाचं पीठ १ लहान चमचा. नव्या भाताचं असेल तर उत्तम
मीठ चिमूटभर

मीठ विसरू नका. नारळ आणि गूळ एकत्र आले की मीठ लागतंच, शिरवाळ्यांच्या रसातही घालतात. चव खारट करायची नसते, गोडाला तळ द्यायचा असतो.

पहिलं काम: काढा

आलं स्वच्छ घासून धुवा, सोलायची गरज नाही. खलबत्त्यात आलं ठेचा, मग दालचिनी, मिरी आणि लवंगा नुसत्या भरड करा. मिरीचे दोन-तीन तुकडे झाले की पुरे. इथे मिक्सर वापरू नका. बारीक पूड झाली की ती गाळणीतून खाली उतरते, घशाशी रखरखते, आणि दालचिनीची पूड पाण्यात फुगून बुळबुळीत होते. पाट्यावर वाटलं तरी हाच त्रास.

भरड केलेलं सगळं ४०० मिली थंड पाण्यात घाला. थंडच, कारण पाणी तापत जाताना सालीला भिजून उघडायला वेळ मिळतो. जाड बुडाचा स्टीलचा टोप घ्या. उकळी आली की आच मंद करा आणि वर ताटली ठेवून ताटलीत थोडं गार पाणी ओता. मोदक उकडताना, भाजी शिजवताना आपण हे करतोच, पण इथे त्याचं कारण जास्त मोलाचं आहे. मसाल्याचा वास म्हणजे उडून जाणारं तेल, ते वाफेबरोबर वर चढतं. गार ताटलीला लागून वाफेचं पाणी होतं आणि वासासकट परत टोपात पडतं. घरभर मसाल्याचा दरवळ सुटला की आपल्याला बरं वाटतं, पण तो दरवळ कपातून गेलेला असतो.

बारा मिनिटं अशी मंद उकळी द्या. पाण्याचा रंग फिकट विटकरी होईल. शेवटी ताटली काढून दोन-तीन मिनिटं उघडं उकळू द्या, साधारण ३०० मिली उरलं पाहिजे.

आता आच बंद. गूळ, ठेचलेली वेलची सालासकट, आणि गवती चहाच्या पाती गाठ मारून टाका. ताटली पुन्हा झाका आणि पाच मिनिटं हात लावू नका. गवती चहा चहाच्या पाण्यात खळाखळा उकळण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. चहात ते खपून जातं, कारण चहाची पूड कडवटपणा झाकते. इथे झाकायला काही नाही. पाती फार उकळली की लिंबासारखा ताजा वास जाऊन सुक्या गवताची चव मागे राहते. वेलचीचंही तसंच.

पाच मिनिटांनी ढवळून गूळ विरघळल्याची खात्री करा आणि बारीक गाळणीने, शक्य असेल तर कापडाने गाळा. गुळात रेती असतेच. गाळलेला काढा दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि तळाचा चमचाभर सोडून वरचा ओतून घ्या.

दुसरं काम: नारळाचा रस

हे काढा उकळत असतानाच होतं. खवलेल्या खोबऱ्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी, साधारण २०० मिली, घाला. मिक्सरच्या भांड्यात थांबत थांबत पंधरा-वीस सेकंद फिरवा. सलग फार वेळ फिरवलं तर भांडं तापतं आणि लोण्यासारखी चरबी सुटू लागते. पातळ सुती पंचातून पिळून काढा. हा घट्ट रस, साधारण २०० मिली. तो वेगळ्या भांड्यात झाकून ठेवा.

चोथ्यात पुन्हा ३०० मिली गरम पाणी घालून तसंच फिरवा आणि पिळा. हा पातळ रस. दोन्ही रस एकत्र करू नका, त्यांचं काम वेगळं आहे.

मुंबईत राहणाऱ्या आमच्या चाकरमान्यांकडे आडाळो नसतो, वेळ त्याहून नसतो. त्यांनी २०० मिलीचं नारळाच्या दुधाचं पाकीट घट्ट रस म्हणून घ्यावं आणि त्यातलंच तीन-चार चमचे ३०० मिली पाण्यात कालवून पातळ रस करावा. पाकिटातल्या दुधात ते फुटू नये म्हणून घट्टपणा आणणारे पदार्थ असतात, त्यामुळे ते जरा निर्धास्तपणे तापवता येतं. चव अर्थात ताज्या रसाची नसते.

तिसरं काम: जोडणी

तांदळाचं पीठ पातळ रसाच्या दोन-तीन चमच्यांत गुठळी न होता कालवा. मग उरलेला पातळ रस, हे पीठ आणि मीठ टोपात घेऊन मध्यम आचेवर ढवळत ठेवा. पातळ रसात चरबी कमी असते, त्यामुळे त्याला उकळी आलेली चालते. उलट पीठ शिजण्यासाठी ती यायलाच हवी. दोन मिनिटं उकळलं की तो जरासा दाट होईल. त्यात गाळलेला काढा घाला आणि पुन्हा वाफ येऊ द्या.

आता आच अगदी बारीक करा आणि घट्ट रस बारीक धारेने ओता, दुसऱ्या हाताने ढवळणं चालू. माझ्या आजेसासूबाई पाठीमागे उभ्या राहून सांगायच्या, “गो, कढ येवक दिव नको, रोस फाटतलो.” कारण असं आहे: नारळाच्या रसात चरबीचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रथिनांचा पातळ पडदा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ही प्रथिनं आकसतात, पडदा तुटतो, चरबीचे थेंब एकत्र येऊन वर तेल तरंगतं आणि खाली दह्याच्या चोथ्यासारखे कण दिसतात. शिजलेलं तांदळाचं पीठ थेंबांमध्ये अडसर बनून उभं राहतं आणि तुम्हाला थोडी सवलत देतं.

थर्मामीटरची गरज नाही. टोपाच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसायला लागले आणि ढवळलेल्या पळीतून वाफ निघाली की उतरवा. खाली उतरवल्यावरही दोन मिनिटं ढवळा, कारण जाड बुडाचा टोप चूल बंद झाल्यावरही तापवतच असतो. पहिल्यांदा मी इथेच फसले होते. आच वेळेवर बंद केली आणि पाव्हण्यांशी बोलायला बाहेर गेले, परत येईपर्यंत रस फुटला होता.

शेवटी जायफळ

सहाण धुऊन घ्या, तिच्यावर रसाचे चार थेंब टाका आणि जायफळ उगाळा. बाळगुटीत जसे वेढे मोजतात तसे मोजा: सगळ्या टोपाला मिळून दहा-बारा वेढे. सहाण नसेल तर बारीक किसणीवर पाच-सहा वेळा हलक्या हाताने फिरवा. हे उगाळलेलं गंध टोप खाली उतरवल्यानंतरच कालवा आणि लगेच कपात ओता. जायफळ उकळलं की त्याचा वरचा, फुलासारखा वास पहिल्या मिनिटात जातो आणि औषधी कडवटपणा तेवढा उरतो.

कपही आधी गरम पाण्याने विसळून घ्या. खळ्यातल्या गार हवेत थंड कपात ओतलेला रस पाच मिनिटांत कोमट होतो आणि वर साय धरतो.

बिघडलं तर

रस फुटलाच तर टाकू नका. चमचाभर तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून, दुसऱ्या भांड्यात शिजवून त्याची पेज करा. तिच्यात फुटलेला रस थोडा थोडा घालत रवीने घुसळा. पूर्वीसारखा एकजीव होणार नाही, पण पिण्याजोगा होतो.

फार तिखट झालं तर साखर-गूळ वाढवू नका, नारळाचा रस वाढवा. मिरी-आल्याचा तिखटपणा चरबीत विरतो, गोडाने तो फक्त काही क्षण झाकला जातो. कडवट लागलं तर बहुतेक वेळा दोष लवंगेचा असतो, कधी फार उकळलेल्या आल्याचा. त्यावर मिठाचे दोन कण चालतात, त्याहून जास्त उपाय नाही. आणि नुसतंच गोड-गुळमट, सपाट लागत असेल तर मसाला जुना आहे. वरून पूड घालून ते भरून येत नाही, दालचिनीचा नवा तुकडा वेगळ्या पाण्यात उकळून तो काढा मिसळा.

गाईम्हशीच्या दुधात करायचं असेल तर

खूप घरांत कोजागिरीला दूधच हवं असतं आणि गुळाचंच हवं असतं. एका कोजागिरीला मी दोन लिटर उकळत्या दुधात किसलेला गूळ घातला आणि वाडीतली माणसं खळ्यात वाट पाहत असताना सगळं दूध नासलं. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात. गार दूध तेवढं सहन करतं, उकळत्या दुधाला ते पेलत नाही. दूध जितकं आटवलेलं, तितका धोका जास्त.

कच्च्या आल्याचाही असाच त्रास. आल्यात दूध गोठवणारं विकर (एन्झाइम) असतं. दक्षिण चीनमध्ये तर गरम दुधात आल्याचा रस घालून मुद्दाम खरवसासारखं दूध लावतात. आलं पाण्यात चांगलं उकळलं की हे विकर निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात, नेहमी.

कृती अशी: वरचाच काढा, पण ४०० ऐवजी ३०० मिली पाण्यात करून २०० मिलीवर आणा, गूळ त्यातच विरघळवा आणि गाळा. वेगळ्या टोपात ६०० मिली दूध उकळून खाली उतरवा. पाच-सात मिनिटं थांबा. दोन्ही गरम असावेत, उकळते नसावेत. मग काढा दुधात धारेने घाला, ढवळा, जायफळ उगाळून घाला आणि प्या. हे मिश्रण परत चुलीवर चढवू नका. तांदळाचं पीठ इथे लागत नाही. नवा गूळ असेल तर सहसा काही बिघडत नाही, पण गुळाबद्दल शंका असली तर आधी एका कपात चमचाभर मिसळून पाहा.

जपायचं कुणी

जायफळ जपून. एक अख्खं जायफळ साधारण पाच ग्रॅमचं असतं आणि तेवढं एका वेळी पोटात गेलं तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम असे त्रास होऊ शकतात. आपले दहा-बारा वेढे त्याच्या जवळपासही जात नाहीत. लहान मुलांच्या कपात ते घालू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी जायफळाशिवायचा कप आधीच बाजूला काढा. पित्ताचा त्रास असणाऱ्यांसाठी मिरी निम्मी करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि मधुमेह असलेल्यांना गूळ साखरेपेक्षा बरा, असं मनापासून सांगणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. गूळही बहुतांश साखरच आहे. त्यांच्यासाठी गूळ घालण्याआधी काढा वेगळा काढा आणि बिनगुळाचा कप द्या. नारळाची स्वतःची गोडी थोडी असते, ती पुरते.

उरलं तर, आणि चोथ्याचं काय

नारळाचा रस ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन-चार तासांत आंबायला लागतो. उरलेला मसाला-रस लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पुन्हा गरम करताना थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या टोपात भांडं ठेवून तापवा. रोज करणार असाल तर फक्त काढा जास्त करा, गूळ न घालता. तो गाळून बाटलीत भरला की फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो, मग रोज संध्याकाळी फक्त रस काढायचा.

दिवाळीच्या चतुर्दशीला, आमच्या चावदिसाला, सकाळी पोह्यांचे नाना प्रकार होतात. आदल्या रात्रीचा उरलेला मसाला-रस गारच नव्या भाताच्या पातळ पोह्यांवर ओता आणि पोहे दहा मिनिटं मुरू द्या. रसातल्या पोह्यांना दालचिनीचा वास लागला की मुलं दुसरी वाटी मागतात.

पिळलेल्या खोबऱ्याच्या चोथ्यात अजून गोडी असते. लसूण आणि सुकी मिरची घालून तव्यावर मंद भाजा, मीठ आणि आमसूल घालून कुटा, भाकरीबरोबर चार दिवस चटणी होते. काढ्यातले दालचिनीचे तुकडे वेचून धुवा आणि सावलीत वाळवा. सकाळच्या चहाला ते अजून एकदा उतरतात.